सात प्रती आणि एक इंजिन

आमची गाडी चौदा महिने खालापूरजवळ जुन्या हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये उभी होती. त्यातले पहिले पाच महिने कामाचे होते. उरलेले नऊ माझे.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लिहिता लिहिता मी सरकारी कचेऱ्यांवर घसरेन, मुठी आवळेन, आणि दोष हळूच दुसऱ्यांच्या टेबलावर सरकवून देईन. ती सवय मला आहे. पण हे लिहायला बसले तेव्हा अंगात भांडायचं बळ उरलं नव्हतं, आणि त्यामुळेच कदाचित थोडं खरं लिहिता येईल.

गाडी म्हणजे तीसेक वर्षांपूर्वीची लांब स्टेशन वॅगन, टर्बो-डिझेल. त्या कंपनीने तशा गाड्या फार थोड्या काढल्या. बाकीच्या गाड्या बोरघाटात धापा टाकत बाजूला थांबायच्या, तेव्हा ही तिसऱ्या गिअरमध्ये शिट्टी मारत वर जायची, असं बाबा सांगतात. शिट्टी म्हणजे टर्बोची. कर्जतकडे बंगला असलेल्या एका मुंबईकराने ती विकायला काढली, तेव्हा बाबांच्या युनियनमधल्या आणि विहारातल्या लोकांनी मंडळ करून ती घेतली. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. लायसन त्यांच्याकडेच होतं, म्हणून कागदावर नाव त्यांचं लागलं. पण ‘माझी गाडी’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कायम ‘मंडळाची गाडी’.

मागची सीट काढून टाकलेली होती. तिथे पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि गठ्ठ्यांवर मी. किमान वेतन, पाण्याची टाकी, रेशन, दाखले, शिष्यवृत्ती. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरून. शाळेत पहिल्यांदा निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी ‘माझी आई’च्या वर ‘विषय :’ असं लिहिलं होतं आणि शेवटी ‘आपली विश्वासू’. आई अजून हसते. म्हणते, ‘हिनं रजेचा अर्ज लिहिला तरी बाई घाबरायच्या, आता मोर्चा येतो का काय.’

टर्बोची जुनी गाडी चढ चढून आली की लगेच बंद करायची नसते. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं, टर्बोला थंड होऊ द्यायचं. बाबांनी त्या मिनिटाला काम लावलं होतं. डोंगराखालच्या ठाकरवाडीत पोचलो की ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचे. शिट्टी ऐकून लोक घराबाहेर यायचे, इंजिनाच्या घरघरीभोवती गोळा व्हायचे, आणि मिनिट संपून गाडी बंद झाली की आयतीच सभा जमलेली असायची. मग बाबा उतरून बोलायला लागायचे.

निवृत्त झाल्यावर बाबांचं मुख्य काम तेच झालं. त्या वाडीतल्या लोकांच्या दळ्या आहेत, म्हणजे डोंगरउतारावरची नाचणी-वरीची शेती. जमीन कागदावर जंगलखात्याची, कसणारे यांचे आजे-पणजे. ती नावावर व्हावी म्हणून वनहक्काचे दावे भरायचे, फेटाळले की अपील करायचं, नकाशे जोडायचे. दर रविवारी बाबा वाडीवर. तिकडे एसटी जात नाही, आणि रिक्षावाले शेवटचा चढ बघून मागे फिरतात.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, हात परत आला. डावा पाय मात्र अर्धाच परत आला. काठी घेऊन चालता येतं, पण त्या गाडीचा क्लच दाबणं शक्य नाही. तो क्लच एवढा जड की मी दोनदा शिकायला बसले आणि दोन्ही वेळा गुडघा धरून उतरले. डॉक्टर म्हणाले, उजवा पाय उत्तम आहे, ऑटोमॅटिक गाडी खुशाल चालवा. नवी ऑटोमॅटिक घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. बाबा रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे आणि दुपारी शर्ट काढून ठेवायचे. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. वाडीवरून निरोप यायचे की अमक्याचा दावा परत आला, तमक्याला नोटीस आली. बाबा फोनवर सांगायचे, ‘कागद बघितल्याबिगर कसं सांगू?’

गाडीचं हृदयच बदलायचं ही कल्पना मेस्त्रींची. खालापूरच्या त्या गॅरेजचे हे मालक बाबांच्याच वयाचे, पूर्वी ट्रकची इंजिनं खोलणारे. त्यांनी बोनेट उघडलं, टर्बोजवळचं तेल बोटाने पुसलं आणि म्हणाले, ‘भाऊ, हिचा टर्बो तेल प्यायला लागलाय. पार्ट आता मिळत नाय. आनि तुमचा पाय पन मिळत नाय. दोघांचं एकदमच बघूया.’

‘नुसता गिअरबॉक्स ऑटोमॅटिक बसवता येणार नाही का?’ मी विचारलं.

‘नवा गिअरबॉक्स ह्या म्हाताऱ्या इंजिनाशी बोलनार नाय, ताई. त्याला कॉम्प्युटरवालं इंजिन लागतं. जोडीनंच आनावं लागंल.’

जोडी मिळाली. त्याच कंपनीची नवी टर्बो-डिझेल गाडी एक्स्प्रेसवेवर कुणीतरी मागून ठोकली होती. मागचा भाग चेपलेला, पुढचं इंजिन आणि गिअरबॉक्स शाबूत. विम्याच्या लिलावात निघालेली, रीतसर बिलासकट. मंडळाच्या जुन्या लोकांनी हातभार लावला. मेस्त्री म्हणाले, ‘कंपनी तीच, डिझेल तेच. कागदाला अडचन नाय यायची. पन आदी आरटीओची परवानगी घ्या. इंजिन बदलायच्या आदी. बाहेरच्या एजंटाला सांगा, एका पानाचं काम हाय.’

‘एजंट नको,’ मी म्हणाले. ‘आमच्या घरात आजवर कुणी एजंट ठेवला नाही. हक्काने मागणार.’

‘मागा ना हक्कानं. पन हळू मागा.’

मी कर्जतला एका डीटीपीच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करते. त्यामुळे हा अर्ज मी लिहिणार हे ठरलेलंच होतं. एक पान पुरलं असतं. मी चार लिहिली. पहिल्या पानावर गाडीचं सामाजिक योगदान. दुसऱ्यावर दिव्यांग नागरिकाचा मुक्तपणे फिरण्याचा हक्क, संविधानाच्या कलमासकट. तिसऱ्यावर वाडीची आणि वनहक्काची हकिगत. मूळ विनंती, म्हणजे इंजिन बदलायची परवानगी, चौथ्या पानावर मध्याच्या खाली. आणि त्याच्याही खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून सात नावं. जिल्हाधिकारी, तहसीलदार, परिवहन खात्याचे आयुक्त, मंत्री, दिव्यांग कल्याण, आमदार, खासदार. सातही प्रती मी रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, ‘एवढ्या लग्नपत्रिका?’

बाबांनी सही केली. न वाचता. आयुष्यात त्यांनी न वाचता सही केलेला तो एकमेव कागद असावा. अजून हात थरथरायचा, बारीक अक्षर दिसायचं नाही, आणि ते म्हणाले, ‘तू लिवलंस ना? मग झालं.’

मेस्त्रींनी मात्र वाचला. ग्रीसचे हात पुसून, चष्मा लावून, चारही पानं. मग खालच्या यादीवर बोट फिरवलं. ‘ताई, अर्ज हाय का मोर्चा?’

‘प्रती द्याव्या लागतात, मेस्त्री. नाहीतर अर्ज दाबून टाकतात.’

‘अजून कुनी दाबला कुठं? तुमी तर दारातूनच बोंब मारलीत.’

मला राग आला होता. मनात म्हटलं, हे असेच लोक, व्यवस्थेला सरावलेले.

आठवडे गेले, उत्तर नाही. गॅरेजमधली जागा अडून राहिलेली. मेस्त्रींनी विचारलं, ‘परवानगी आली?’ मी म्हणाले, ‘येतेच आहे. तुम्ही सुरू करा.’

‘कागद दावा.’

मी पोच दाखवली. अर्ज मिळाल्याचा गोल शिक्का मारलेली माझीच प्रत. पोच म्हणजे परवानगी नव्हे, हे मी दुकानात दिवसातून चार वेळा लोकांना समजावते. मेस्त्रींनी शिक्क्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तुमी शिकलेल्या. तुमाला ठावं.’ त्यांनी त्या दिवशीच जुनं इंजिन साखळीला लावलं.

बाबांना वाटलं, परवानगी आली. त्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले होते, ‘त्याची काही काळजी करू नका.’ हे खोटं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

काम बघायला बाबा रिक्षाने यायचे आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. नवं इंजिन जुन्याहून बुटकं पण रुंद निघालं. ते बसेना. मेस्त्रींनी पट्ट्यापट्ट्या जोडून नवे माउंट, म्हणजे इंजिनाच्या बैठका, वेल्ड केले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाडजूड, त्याच्यासाठी दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा कापून वर उचलावा लागला. मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट चार बोटं लांब झाला, तो रसायनीकडच्या एका लेथवर कापून आणून बॅलन्स करून घेतला. सगळ्यात त्रास वायरिंगचा. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर जुन्या गाडीत दरवाजे, एअरबॅग, काय काय शोधत राहायचा, आणि सापडलं नाही की चालू व्हायचा नाही. मेस्त्री महिनाभर वायरींच्या जाळ्यात मान घालून बसले. म्हणायचे, ‘ह्याला पटतच नाय का आपन गरीब घरात आलोय.’ बाबा हसायचे. झटक्यानंतर त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. जुना डॅशबोर्ड, जुनं पातळ स्टिअरिंग, काट्यांची घड्याळं, सगळं मेस्त्रींनी तसंच ठेवलं. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय असं कळलं नसतं.

पाचव्या महिन्याच्या अखेरीस एका सकाळी गाडी चालू झाली. बाबा आत बसले. काठी त्यांनी बाजूच्या सीटवर ठेवली. लिव्हर ओढला, उजवा पाय हळूच दाबला, आणि गाडी गॅरेजच्या आवारात वीस-पंचवीस पावलं पुढे गेली. तेवढीच मागे आली. पुन्हा पुढे. डावा पाय नसलेल्या क्लचवर जायला धडपडत होता, आणि बाबा त्याला बोलत होते, ‘गप रं, तुजं काय काम नाय आता.’

‘आता घेऊन जावा घाटात,’ मेस्त्री म्हणाले.

बाबांनी गाडी थांबवली. काचेतून हात बाहेर काढला. ‘परवानगीचा कागद दे गं. गाडीत ठेवतो. कुनी अडवलं तर.’

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि ते पाना शोधायला आत गेले, जो त्यांच्या खिशातच होता.

‘आलेला नाहीये, बाबा.’

‘मंजे?’

‘अर्ज दिलाय. पोच आहे.’

बाबा ओरडले नाहीत. किल्ली फिरवून गाडी बंद केली, काठी घेतली, दरवाजा धरून सावकाश उतरले. किल्ली मेस्त्रींच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, ‘कागद नाय तोवर नाय. वाडीवरच्या लोकांना मी वीस वर्सं काय सांगतोय? कागद, कागद, कागद. आता मी बिनकागदाची गाडी घेऊन त्यांच्यात जाऊ?’ मग रिक्षात बसले. रिक्षा हायवेला लागेपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.

मेस्त्रींनी गाडीवर निळी ताडपत्री टाकली.

त्यानंतरचे नऊ महिने मला नीट वेगळे आठवत नाहीत. एसटी, बाकडं, खिडकी, ‘साहेब दौऱ्यावर’, पुन्हा एसटी. मी सुट्ट्या घ्यायचे, दुकानाचे मालक तोंड वाकडं करायचे. सुरुवातीला मी तावातावाने जायचे, नियम पाठ करून. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर ताव संपला. नुसती जायचे. बाकड्यावर शेजारी बसलेल्या माणसांचे अर्ज मी बसल्या बसल्या भरून द्यायला लागले, आणि त्यांची कामं माझ्यासमोर होऊन ती माणसं निघूनही जायची.

काय झालं होतं ते मला एका वरिष्ठ बाईंनी सांगितलं. मॅडम निवृत्तीला आलेल्या, टेबलावर औषधांची डबी, आवाज बसका. त्यांनी फाइल पुढ्यात घेतली. एक नव्हे. आठ.

‘हा तुमचा अर्ज,’ त्यांनी पहिली फाइल उघडली. ‘आणि ह्या तुमच्या प्रती. जिल्हाधिकाऱ्यांनी आमच्याकडे पाठवली, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’. मंत्र्यांच्या ऑफिसातून आयुक्तांकडे, तिथून आमच्याकडे. आयुक्तांना वेगळी मिळाली, तीही आमच्याकडे. आमदारांचं पत्र आलं. खासदारांचं आलं. दिव्यांग कल्याणने उलट विचारलं, अर्जदाराचं प्रमाणपत्र कुठाय. प्रत्येकीला आवक नंबर आहे. प्रत्येकीला उत्तर द्यायचंय. आणि सात साहेबांनी लक्ष घातलेल्या प्रकरणात खालचा कोण स्वतः होऊन सही करेल? त्याने वर मार्गदर्शन मागितलं. वरून अजून यायचंय.’

‘म्हणजे सगळ्यांनी लक्ष घातलं म्हणून काम झालं नाही?’

‘कुणी लक्ष घातलेलं नाही. सगळ्यांनी पुढे पाठवलंय.’ त्यांनी चष्मा काढला. ‘तुम्ही सरळ अर्ज दिला असता ना, आठवड्याभरात झालं असतं. वडिलांचा पाय, त्याच कंपनीचं इंजिन, बिल आहे. अडवण्यासारखं काय आहे यात?’

त्यांनी चौथं पान माझ्याकडे फिरवलं. शेवटून दुसरं वाक्य मी तिथे पहिल्यांदा वाचलं, निदान मला तसं वाटलं : ‘सात दिवसांत निर्णय न झाल्यास लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ ते लिहिल्याचं मला आठवतच नव्हतं. हात आपोआप चालला होता. खाली बाबांची थरथरती सही.

‘इंजिन बसवलंत का?’ मॅडमनी विचारलं.

मी नाही म्हणू शकले असते. त्या क्षणी मला तेही सुचलं होतं, हे लिहून ठेवते. ‘बसवलं,’ मी म्हणाले.

‘मग हा अर्ज मागे घ्या. एका ओळीत. आणि नवा द्या. परवानगीशिवाय बसवलं ते कबूल करा, दंड होईल तो भरा, गाडी तपासणीला आणा. आणि खाली कुणालाही प्रत देऊ नका.’

घरी येऊन मी भडकले. खूप महिन्यांनी. प्रत द्यायची नाही म्हणजे काय? वाडीवरचे अकरा दावे एकदा तहसीलमधून नाहीसे झाले होते, ‘आमच्याकडे आलेच नाहीत’ म्हणून. तेव्हापासून बाबांनीच सगळ्यांना प्रती ठेवायला, प्रती पाठवायला शिकवलं. ते आमचं एकमेव हत्यार. आणि आता आपणच लिहून द्यायचं की चुकलो?

बाबा भाजी निवडत बसले होते. झटक्यानंतर हाताला व्यायाम म्हणून आईने ते काम त्यांच्याकडे दिलं होतं. ते म्हणाले, ‘पैला अर्ज वाच. मोठ्यानं.’

मी चारही पानं वाचली. वाचताना आवाज खाली खाली येत गेला. आंदोलनाच्या वाक्याला आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘कोन करनार आंदोलन? तुमी एका पायावर?’

बाबा हसले नाहीत. ‘प्रत नाकारलं तर पाठवायची असते, पोरी. मागायच्या आदी नाय. त्या लोकांनी तुला नाय म्हटलंच नव्हतं.’

‘म्हणजे आपण चुकलो?’

‘आपन नाय. तू चुकलीस.’ भाजीचं देठ मोडून त्यांनी ताटात टाकलं. ‘आनि मी न वाचता सई केली, ते मी चुकलो. लिव आता. तीन ओळी. चौथी लिवलीस तर सई करनार नाय.’

तीन ओळींना मला संध्याकाळ लागली. पहिल्या ओळीत मागचा अर्ज मागे. दुसरीत, पूर्वपरवानगी न घेता इंजिन व गिअरबॉक्स बदलला आहे, ही माझी चूक मला मान्य आहे. तिसरीत, तपासणी करून नोंद व्हावी. ‘माझी’ म्हणजे अर्जदाराची. अर्जदार बाबा. गाडी त्यांच्या नावावर, म्हणून चूकही त्यांच्याच नावावर. मी म्हणाले, ‘इथे माझं नाव घालूया. मुलीने केलं असं.’

‘नाय चालत. कागदावर मालक मी हाय.’

त्यांनी तो कागद दोनदा वाचला. खिडकीजवळ नेऊन, उजेडात धरून. युनियनच्या काळात माफीपत्र लिहून दिलं नाही म्हणून हा माणूस सहा महिने घरी बसला होता, हे मला आईने सांगितलेलं आहे. तरी त्यांनी पेन मागून घेतलं आणि पूर्ण नावाची सही केली. मलाच तिकडे बघवेना. मी पाणी आणायला उठले.

नवी फाइल खरोखर पंधरवड्यात फिरली. गाडी टोइंगवाल्याच्या ट्रकवर घालून तपासणीला नेली, कारण बाबा तेवढं अंतरही ती चालवायला तयार नव्हते. इन्स्पेक्टर तरुण होता. गाडीखाली सतरंजी टाकून उताणा झाला, टॉर्चने इंजिनाचा नंबर शोधला, बिलाशी ताडून बघितला. बाहेर येऊन गुडघे झटकत मेस्त्रींना म्हणाला, ‘काम भारी केलंय, काका.’ मेस्त्री नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, ‘ऐकलंत?’

दंड भरला. नव्या इंजिनाच्या नंबरासकट कागद आला. मला आनंद व्हायला हवा होता. मी तो लॅमिनेट करून आणला आणि दोन तास झोपले.

पुढच्या रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडी वाडीवर नेली. मी शेजारी. शेवटच्या चढावर गाडी अजिबात ओरडली नाही, गिअर आपले आपण बदलत गेले. वर पोचलो तर अंगणात कुणी नव्हतं. नव्या टर्बोला शिट्टी नाही, कुणाला कळलंच नाही आम्ही आलो ते. बाबांनी हॉर्न वाजवला. मग माणसं आली. कुणी बाबांच्या पायाकडे बघितलं, कुणी गाडीच्या आत डोकावलं. एक म्हातारी पुढे आली. हिच्या नवऱ्याच्या नावाचा दावा दोनदा फेटाळलेला, आता तो नाही, दळी ती आणि सुना कसतात. म्हणाली, ‘आलास रं बाबा? आमाला वाटलं, गेलास.’

‘एक पाय गेला व्हता. बाकीचा आलोय.’

माणसं हसली. बाबा समाजमंदिराच्या पायरीवर बसले, आणि दाव्यांचं काही बोलायच्या आधी त्यांनी गाडीची सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं नव्हतं ते सांगतील. परवानगी न घेता इंजिन बसवलं, अर्ज चुकीचा दिला, मग लिहून दिलं की आपली चूक झाली, दंड भरला. मुलीने केलं असं एकदाही म्हणाले नाहीत. मी जमिनीकडे बघत होते. लोक ऐकत होते, जसं ते नेहमी ऐकतात, गुडघ्यांवर हात ठेवून.

म्हातारीने विचारलं, ‘मंजे इंजिन आदी बसवलंस?’

‘हां.’

‘इचारलं मागून?’

‘हां.’

‘मंग सायब काय बोलला?’

‘दंड भर म्हनला. मग नोंद केली.’

म्हातारीने डोंगराकडे हात केला, जिथे तिची दळी आहे. ‘आमी पन आदी बसलो तितं. माज्या आजेसासऱ्याच्या आदीपासून. आता इचारतो तर नाय म्हनतात. आमाला बी दंड सांग ना. आमी भरू. नोंद कर म्हनावं.’

कुणी हसलं नाही. कायद्यातला फरक मला माहीत होता. गाडीचा कायदा वेगळा, जंगलाचा वेगळा, कुठला पुरावा कुठे लागतो, सगळं मला तोंडपाठ. ते सांगायला मी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. तीन ओळी, एक दंड, पंधरवडा. एवढ्यात एका जुन्या गाडीतलं नवं इंजिन सरकारने मान्य केलं होतं. जिचे पाय त्या उतारावर झिजले ती बाई अजून अतिक्रमणवाली होती.

‘ह्याचं उत्तर माज्याकडं नाय, आजी,’ बाबा म्हणाले.

‘मंग एवढ्या लांब कशाला आलास?’

‘कागद बघायला.’

‘बघ मंग,’ ती म्हणाली, आणि कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडून तिने घडी केलेले कागद पायरीवर ठेवले. बाकीचेही उठून आपापले कागद आणायला गेले. बाबांनी चष्मा लावला, पहिलाच दावा उघडला, आणि शेवटच्या पानापर्यंत सगळा वाचला. मग माझ्याकडे दिला. नकाशा होता, दोन म्हाताऱ्यांचे जबाब होते, ग्रामसभेच्या ठरावावर अध्यक्षाची सही नव्हती. मी पेन काढलं आणि समासात लिहून ठेवलं : सही आणणे. मग दुसरा दावा उघडला.